अनवधानाने पूर्ण झालेले काम

आनंदरावांनी चौतीस वर्षं भोरच्या एका कचेरीत बसून दुसऱ्यांचे आराखडे परत पाठवले. हे काम ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. आराखडा मंजूर करायला नुसता शिक्का पुरतो. परत पाठवायचा तर तो वाचावा लागतो. आनंदराव प्रत्येक आराखडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत, चष्मा पुसून पुन्हा वाचत, आणि मग समासात मोत्यासारख्या अक्षरात लिहीत, 'त्रुटींची पूर्तता करून फेरसादर करावे.' त्यांच्या हातून एकही आराखडा पहिल्या खेपेला सुटला नाही, असं निरोप समारंभात साहेबांनी सांगितलं तेव्हा मोठ्या टाळ्या पडल्या. त्यात काही सरपंचांच्या टाळ्या जरा जास्तच जोरात होत्या. त्या निवृत्तीबद्दल होत्या, कर्तबगारीबद्दल नव्हत्या, हा बारकावा आनंदरावांच्या नजरेतून निसटला. एरवी त्यांच्या नजरेतून काही निसटत नसे.

निवृत्तीनंतर ते आणि त्यांची बायको मंगल भोरचं भाड्याचं घर सोडून गुंजवण्याजवळच्या आपल्या मूळ गावी येऊन राहिले. समोर राजगड, खाली धरणाचं पाणी, अंगणात कोवळं ऊन. पहिले दोन महिने आनंदराव गडाकडे बघत चहा प्यायले. तिसऱ्या महिन्यात त्यांना गडाच्या बांधणीतही त्रुटी दिसू लागल्या, तेव्हा मंगलनं ओळखलं की ह्या माणसाला काहीतरी काम शोधून द्यायला हवं.

काम डोंगर उतरून आपणहून आलं. गावाच्या डोक्यावर, तासाभराच्या चढावर, धनगरांची सोळा घरांची वस्ती आहे. तिला सगळे वरची वस्तीच म्हणतात. वस्तीच्याही वर चारशे मीटरवर कातळाच्या कपारीत एक झरा आहे. तो ऐन वैशाखातही आटत नाही, पण खालीही येत नाही. दहा पावलं वाहतो आणि मुरमात जिरतो. म्हणून वस्तीतल्या बाया हंडे घेऊन वर जातात आणि भरलेले हंडे सांभाळत घसरड्या वाटेनं खाली येतात. धोंडाबाई त्यांतली सगळ्यात थोरली. वय विचारलं तर ती सत्तरीचा अंदाज सांगते. गेली आठ वर्षं तिचा अंदाज तोच आहे. मागच्या वर्षी ती त्या वाटेवर हंड्यासकट पडली, उजवं मनगट मोडलं आणि वाकडं बसलं. तेव्हापासून ती डाव्या कमरेवर हंडा घेते, रोज तीन खेपा करते, आणि कोणी हळहळलं तर म्हणते की डावा हात अजून शाबूत आहे, एवढ्यात कशाला.

पुण्यातली एक संस्था त्या झऱ्याचं पाणी पाइपानं वस्तीत उतरवून द्यायला तयार झाली होती. पाइप त्यांचे, टाकी त्यांची, नळ त्यांचे. खोदणं आणि वाहणं वस्तीचं. अट एकच, महिनाअखेरीपर्यंत वर्षभराच्या कामाचा आराखडा हवा. तो आला नाही तर पाइप पलीकडच्या खोऱ्यातल्या दुसऱ्या गावाला जाणार. वस्तीत बिबट्या सगळ्यांनी पाहिला होता, आराखडा कोणीच पाहिला नव्हता. म्हणून धोंडाबाईचे दीर गेनबा, खांद्यावर घोंगडी आणि हातात तांब्याभर दूध घेऊन, आनंदरावांच्या अंगणात येऊन बसले.

"सायेब," गेनबा म्हणाले, "आमाला खोदाय येतं, लिवाय येत न्हाई. तुमाला लिवाय येतं."

वाक्याचा उरलेला भाग त्यांनी सभ्यपणानं गिळला.

आनंदरावांनी त्याच दिवशी ट्रंकेतून रूळ काढला, चार रंगांची पेनं काढली आणि मंगलला बजावलं की आता चार दिवस मला कोणी हाक मारायची नाही. चाराचे बारा झाले. आराखडा करणं आणि आराखड्यातल्या चुका काढणं ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळून चुकलं. ते दोन ओळी लिहीत, आणि त्यांच्याच आत बसलेला कचेरीतला आनंदराव समासात शेरा मारी. 'झरा' लिहिलं की शेरा यायचा, 'कोणता? चतुःसीमा नमूद करावी.' 'खोदाई' लिहिलं की, 'कशाने?' पहिलं पान त्यांनी स्वतःलाच सात वेळा परत पाठवलं.

त्यात शेजारी धनाजी. धनाजी एके काळी ग्रामपंचायतीचे सदस्य होते आणि ती मुदत संपल्याचं त्यांना कोणी नीट सांगितलेलं नव्हतं. रोज सकाळी ते कुंपणापलीकडून आराखड्याची प्रकृती विचारत. त्यांच्या मते नुसतं पाणी मागणारा आराखडा गरीब दिसतो. त्यात जनजागृती हवी, वृक्षारोपण हवं, दोन सिमेंटची बाकडी हवीत, आणि झालंच तर एक स्वागत कमान. वस्तीला जायला रस्ताच नाही तर कमान कशावर उभी करायची, असं आनंदरावांनी विचारलं. त्यावर धनाजींनी सांगितलं की आधी कमान करायची, मग कमानीखालून रस्ता नाही ही गोष्ट वर कळवता येते. आनंदरावांनी कमान नाकारली, पण जनजागृतीला तीन पानं दिली. शेजाऱ्याचं मन कुठपर्यंत मोडायचं.

खरं अडलं ते 'कालावधी' नावाच्या रकान्याशी. चारशे मीटरचा चर, दीड फूट रुंद, दोन फूट खोल. त्याला दिवस किती? आनंदराव धापा टाकत वस्तीवर गेले, उंबराखाली वही उघडून बसले आणि गेनबांना विचारलं.

गेनबांनी बराच वेळ डोंगराकडे पाहिलं. "मान्सं किती येत्यात त्यावर हाय."

"बरं. माणसं किती येतील?"

"बोलावनं कसं हाय त्यावर हाय."

आनंदरावांनी वहीत लिहिलं, 'मनुष्यबळाची उपलब्धता अनिश्चित.' मग घरी येऊन बेरजा-वजाबाक्या करून रोजची सहा माणसं धरली, सणवार वगळले, रविवार वगळले आणि पंचेचाळीस दिवस काढले. वस्तीला रविवार असतो का, ही चौकशी त्यांनी केली नाही. मेंढरांना तो नसतो, एवढं त्यांना सुचायला हरकत नव्हती. 'संभाव्य धोके' ह्या रकान्यासाठी वस्तीतून तीन उत्तरं मिळाली: बिबट्या, रानडुक्कर, आणि धोंडाबाईकडून, कागद. पहिली दोन त्यांनी नोंदवली.

संस्थेची अभियंता शेफाली पुण्याहून फोन करायची. आवाज गोड, बोलणं अदबीचं, आणि दर फोनला एक नवीन कागद. आनंदरावांच्या घरात रेंज फक्त तुळशीवृंदावनापाशी मिळायची, त्यामुळे संस्थेशी झालेला सगळा संवाद त्यांनी जवळजवळ हात जोडून केला. एकदा शेफालीनं सांगितलं की झऱ्यापासून वस्तीपर्यंत चराची आखणी चुन्याच्या फक्कीनं करून तिचे फोटो पाठवा. आनंदरावांनी फक्कीची दोन पोती वर नेववली आणि दोरी धरून स्वतः डोंगरावर सरळ पांढरी रेघ मारली. गड उतरणाऱ्या दोन ट्रेकरांनी ह्या शर्यतीत भाग घ्यायचा तर नाव कुठं द्यायचं, अशी विचारपूस केली. शेवटी संस्थेच्या मार्गदर्शिकेतलं कलम नऊ आलं: गावकऱ्यांची नियोजन बैठक घ्यावी, उपस्थितांच्या सह्या-अंगठे घ्यावेत, उपस्थितांना अल्पोपहार द्यावा.

आनंदरावांनी अल्पोपहार म्हणजे चहा आणि दोन-दोन बिस्किटं असा अर्थ लावला. मंगल तांदूळ निवडत होती, तिनं सूप खाली ठेवलं.

"तासभर डोंगर उतरून माणसं आपल्या दारात येणार, आणि तुम्ही त्यांच्या हातावर बिस्किटं ठेवणार? तुम्ही कागदात राहता, मला ह्या गावात राहायचंय."

मग मटणाचा रस्सा झाला, तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, आंबेमोहोराचा भात झाला, आणि माळकऱ्यांसाठी वांग्याची भाजी झाली. वस्तीतली सेहेचाळीस माणसं आली. आनंदरावांनी पडवीच्या भिंतीवर चार रंगांचा तक्ता टांगला होता. पंचेचाळीस दिवसांचा चर त्यात हिरव्या पट्ट्यानं दाखवला होता. ते तासभर बोलले. कोणी एक प्रश्न विचारला नाही, कोणी जांभई दिली नाही. रश्श्याचा वास येत असताना माणसं जांभई देत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. समारोपाला ते म्हणाले, "तर मंडळी, आता कामाला लागायचं." हे वाक्य त्यांनी नोकरीत शेकडो बैठकांच्या शेवटी ऐकलं होतं, म्हटलंही होतं. त्यावरून कोणी कामाला लागल्याचं एकही उदाहरण त्यांच्या पाहण्यात नव्हतं.

पंगत उठल्यावर गेनबांनी मंगलला बाजूला घेऊन विचारलं की हे जेवण साहेबांच्या कामाचंच ना. मंगल म्हणाली, त्यांच्याच कामाचं, दुसरं कशाचं असणार. गेनबांनी मान हलवली. मग आनंदरावांकडे येऊन चराची खोली दोन फूटच ना, एवढं पक्कं करून घेतलं. आनंदरावांना भरून आलं. आपलं भाषण निदान एका माणसानं ऐकलं होतं.

इथं इर्जिकीबद्दल चार शब्द सांगायला हवेत. ते आनंदरावांच्या बावन्न पानांच्या आराखड्यात नव्हते आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं. ह्या खोऱ्यात ज्याचं काम अडतं तो आजूबाजूच्यांना बोलावणं धाडतो. माणसं आपापली कामं टाकून, आपापली अवजारं आणि बैल घेऊन येतात, दिवसभर राबून त्याचं काम उरकतात, आणि तो त्यांना पोटभर जेवू घालतो. मजुरी नाही, हजेरी नाही. आधी काम, मग जेवण, हा क्रम बापजाद्यांपासूनचा. आधी जेवण घातल्याचं मात्र कोणी कधी ऐकलं नव्हतं. डोंगर चढताना वस्तीत त्याचीच चर्चा झाली, आणि सगळ्यांचं एकमत झालं की साहेबाचं काम अगदीच गळ्याशी आलेलं दिसतंय, नाहीतर शिकला-सवरलेला माणूस असं उलटं कशाला करील. असं आगाऊ जेवण पोटात घेऊन हिंडणं बरं नव्हे. दुसऱ्या दिवशी वस्तीला सकाळची न्याहारी गोड लागेना.

आनंदराव तेव्हा पहिल्या एसटीनं भोरला निघाले होते. आराखड्याचं बाइंडिंग करायचं होतं आणि तो संगणकावरून संस्थेला धाडायचा होता. फाइल फार जड आहे, असं यंत्रानं तीन वेळा सांगितलं. आनंदरावांना तो आराखड्याचा गौरव वाटला. दुकानातल्या मुलीनं चार रंगांचा तक्ता काढून टाकू का, असं विचारलं तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं दुसरा उपाय शोधला. ह्यात दोन दिवस गेले. मुक्काम जुन्या सहकाऱ्याकडे झाला. दुसऱ्या संध्याकाळी आराखडा एकदाचा पोचला आणि शेफालीचा फोन आला की सोमवारी जागा पाहायला येते. तोपर्यंत कामाला कोणी हात लावू नये, असंही तिनं सांगितलं. मंजुरीआधी सुरू झालेलं काम संस्थेच्या नियमात बसत नाही, त्यापायी दोन गावांचे पाइप परत गेले होते. आनंदराव मोठ्या मनानं हसले.

"ताई, आमच्याकडं मंजुरीनंतरसुद्धा सहा महिने कोणी हात लावत नाही. निर्धास्त या."

शनिवारी ते आराखड्याची बांधीव प्रत मांडीवर घेऊन एसटीनं परतले. थांब्यावर धनाजी उभे होते. काम दांडगं झालं, असं म्हणून त्यांनी आनंदरावांचा हात हातात घेतला. आनंदराव विनयानं म्हणाले की हो, बावन्न पानं झाली. धनाजी म्हणाले, पानांचं नाही, चराचं म्हणतोय.

आनंदराव घरी न जाता पायात बूट तसेच ठेवून डोंगर चढले. जिथं त्यांनी पांढरी रेघ मारली होती तिथं आता तांबडा चर होता. रुळानं आखल्यासारखा सरळ, दीड फूट रुंद, दोन फूट खोल, काढलेली माती एका अंगाला नीट रचलेली. सेहेचाळीस माणसांनी दोन दिवसांत तो मारला होता. आणि झऱ्याकडचं तोंड बंद करायचं कोणाला सुचलं नव्हतं, म्हणून चरातून पाणी वाहत होतं. थेट वस्तीत येत होतं. चर संपतो तिथं, धोंडाबाईच्या अंगणात, कोणीतरी एक नळीचं कौल बसवलं होतं आणि त्याची धार हंड्यात पडत होती. धोंडाबाई शेजारी उकिडवी बसून ती धार बघत होती. एरवी ह्या वेळेला ती वाटेवर असायची. बसून काय करायचं असतं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"हे कोणाच्या परवानगीनं केलं?" आनंदरावांनी विचारलं.

"तुमचं जेवलो न्हवं आमी," गेनबा म्हणाले.

आनंदराव एका दगडावर बसले. मग त्यांनी सगळ्यांना गोळा करून नियम समजावून सांगितला. मंजुरी म्हणजे काय, ती आधी का लागते, नंतर का चालत नाही. वस्ती शांतपणे ऐकत होती. हा चर काही कायमचा नाही, हे त्यांनाही माहीत होतं. उन्हं तापली की माती निम्मं पाणी पिणार आणि चैत्रात धार अंगणापर्यंत पोचणार नाही. पाइप हवेच होते.

"म्हंजे काम झालं, म्हनून पाइप न्हाई," गेनबा म्हणाले.

"तसंच."

"आन झालं नस्तं, तर मिळालं अस्तं."

"हो."

गेनबांनी ह्यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. "मंग न झाल्यागत करू," ते म्हणाले.

सगळ्यांत आधी उठली ती धोंडाबाई. तिनं डाव्या हातानं फावडं उचललं.

"बुजवा रं," ती म्हणाली. "सायबाची मान खाली जाया नको. ह्या वयात आपल्यापायी डोंगर चढत्यात त्ये. मंजुरी आली का परत उकरू. उकरल्याली माती मऊच आस्ती."

इथं आनंदरावांच्या बाजूनं खोटं सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी नको म्हटलं नाही. सोमवार मध्ये एक दिवस टाकून होता, बुजवायला एक दिवस पुरेल का, असा हिशेबसुद्धा त्यांच्या मनात होऊन गेला. माणसं वरच्या टोकाला गेली आणि माती लोटू लागली. वीस-पंचवीस फूट बुजलं असेल. खाली अंगणात कौलाची धार बारीक झाली, मग थेंब झाली, मग थांबली. हंडा निम्मा भरला होता. धोंडाबाईनं फावडं टेकवून ठेवलं आणि चरात उतरली. तळाशी जे पाणी साचून राहिलं होतं ते ती वाकड्या मनगटानं, पेल्यापेल्यानं, मुरायच्या आत भराभरा हंड्यात घेऊ लागली. आनंदराव बघताहेत हे पाहून ती ओशाळली.

"एवढा भरून घेत्ये, सायेब," ती म्हणाली. "मंग लागत्येच कामाला."

आनंदरावांनी चौतीस वर्षं कागद परत पाठवले होते. परत गेलेला कागद ज्या अंगणात जाऊन पडतो, ते अंगण त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं.

"थांबवा," ते म्हणाले. आवाज वरपर्यंत गेला नाही म्हणून ते स्वतः वर गेले, एका माणसाच्या हातून फावडं घेतलं आणि बुजलेला चर उकरायला लागले. पहिला घाव दगडावर बसला. दुसरा बुटावर बसला. तिसऱ्याच्या आधी गेनबांनी त्यांना दंडाला धरून हळूच उंबराखाली नेऊन बसवलं. "सायेब, तुमी लिवा," ते म्हणाले.

म्हणून वस्तीनं चर उकरला आणि आनंदरावांनी लिहिलं. आराखड्याच्या बावन्नाव्या पानाच्या पाठीवर त्यांनी जो खुलासा लिहिला तो असा: 'सदर चराचे खोदकाम मंजुरीपूर्वी, दोन दिवसांत, अनवधानाने पूर्ण झाले आहे. कारण, निम्नस्वाक्षरीकाराने लोकांना जेवू घातले. सदर चरातून पाणी वाहत असून ते बंद करण्याचा प्रयत्न करून पाहिला, परंतु निम्नस्वाक्षरीकाराच्याने ते पाहवले नाही. काही कारवाई करणे असल्यास ती निम्नस्वाक्षरीकारावर करावी, पाइपांवर करू नये.'

रविवारी धनाजींनी शेवटचा उपाय सुचवला. चरावर झाडांचे टहाळे टाकायचे आणि बाईंना सांगायचं की हा जुना, गडाच्या वेळचा चर आहे. वर गड दिसतोच, कोण नाही म्हणेल. आनंदरावांनी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, कारण माणूस आपल्यासाठी इतिहास बदलायला निघाला होता.

सोमवारी शेफाली आली. तिशीच्या आतबाहेरची, पायात डोंगरात चालायचे बूट, पाठीवर पिशवी. आनंदरावांनी नमस्कार करायच्या आधी खुलासा पुढे केला. तिनं तो वाचला, मग पुन्हा वाचला. दोनदा वाचणारं माणूस आनंदरावांना नेहमीच आवडत आलं होतं. आज त्याची भीतीही वाटली. मग ती झऱ्यापर्यंत गेली आणि चराच्या काठाकाठानं उतार मोजत खाली आली. वस्ती रांगेनं उभी होती. मेंढरंसुद्धा गप्प होती, किंवा आनंदरावांना तसं वाटलं. धोंडाबाईनं कौलाखालचा पेला भरून तिच्यापुढे धरला. ती पाणी प्यायली.

"काका," शेफाली म्हणाली, "काम का झालं नाही ह्याचे खुलासे माझ्याकडं कपाटभर आहेत. काम का झालं, ह्याचा पहिलाच आला."

आनंदरावांनी मान खाली घातली.

"हा चर मंजूर कामात धरता येणार नाही," ती पुढे म्हणाली. "नियम आहे." धोंडाबाईनं हातातला रिकामा पेला पदरानं पुसायला घेतला आणि पुसतच राहिली. शेफाली पिशवीतून काढलेल्या आपल्या प्रतीची पानं उलटत होती. "मग तो गावाच्या वाट्यात धरावा लागेल. गावानं काहीतरी स्वतःहून करायचं असतं, तिथं तुम्ही जनजागृती लिहिलीय. तीन पानं. ती खोडते मी. तिथं चर येईल."

तिनं खोडली. धनाजी लांब उभे होते, त्यांना ऐकू आलं नाही ते बरं झालं.

"आराखडा मात्र परत करतेय, काका. त्रुटी आहेत." तिनं पेन्सिलीनं समासात लिहिलेलं दाखवलं. कातळाजवळ चर अर्धा फूट आणखी खोल हवा, नाहीतर गुरांच्या पायानं पाइप फुटेल. टाकीची जागा उंबरापासून चार हात लांब हवी, मुळं येतात. आणि पाइप, सिमेंट, टाकी हे सगळं वर वाहून न्यायला तीस दिवस कशाच्या जोरावर लिहिलेत? लोकांना विचारून पुन्हा लिहा. शुक्रवारी आराखडा आला की शनिवारी पाइप गाडीत चढतील.

आनंदरावांनी तो समास जपून पाहिला. बावन्न पानं कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती, मूळ कुठवर जाईल आणि गुरं कुठून चालतील ह्याचा विचार करून वाचली होती. त्या शेऱ्यांबद्दल त्यांना निव्वळ उपकृत वाटलं. आपल्या शेऱ्यांबद्दल इतक्या वर्षांत कोणाला असं वाटलं असेल का, असा एक विचार डोकावला. तो त्यांनी तिथंच थांबवला. चांगल्या दिवशी माणसानं फार खोल जाऊ नये.

वस्तीतून उतरताना गेनबा वाटेपर्यंत पोचवायला आले. ते थोडे घुटमळले.

"सायेब, मधी बुजवाबुजवी झाली," ते म्हणाले. "पर जेवान फिटलं न्हवं तुमचं?"

"फिटलं, गेनबा," आनंदराव म्हणाले. "उलट माझ्याच अंगावर चढलं."

गेनबांना हे हिशेबात बसलं नाही, पण साहेब खूश दिसले, म्हणून ते परत फिरले.

घरी मंगल पडवीत बसली होती. आनंदरावांनी बूट काढले, आराखडा उघडला, रूळ घेतला आणि 'साहित्य वर वाहून नेणे' ह्या ओळीतले तीस दिवस खोडले. मग इतकी वर्षं फक्त वरिष्ठांशी बोलताना वापरलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "सामान वर न्यायला किती दिवस धरू?"

मंगलनं आधी सामान काय काय आहे ते विचारलं. मग डोंगराकडे पाहिलं. "चढ उभा आहे. सिमेंटच्या गोण्या आहेत. रश्श्यावर नाही भागायचं. पुरणपोळी लागेल."

"पण दिवस किती?"

"एक."

त्यांनी 'एक दिवस' लिहिलं. शेजारी 'जबाबदार व्यक्ती' असा रकाना होता. त्यात त्यांनी 'सौ. मंगल' असं लिहून आराखडा तिच्यापुढे केला. मंगलनं तो चष्मा लावून वाचला, दोनदा वाचला, आणि त्यांच्याच पेननं आपलं नाव खोडलं.

"पुरण मी घालीन," ती म्हणाली. "डाळ भोरहून कोण आणणार? शिजवायला लाकडं कोण फोडणार? उन्हात वाटेवर उभं राहून गोणी खाली ठेवणाऱ्याला पाणी कोण देणार? ते लिहा आधी."

आनंदरावांनी तिन्ही कामं एकाखाली एक लिहिली. मग प्रत्येकापुढच्या रकान्यात, मोत्यासारख्या अक्षरात, कुठलाही शेरा न मारता, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि ते शाई वाळेपर्यंत बघत राहिले.